मोकळे

पोस्टर माझं. चाळीस प्रती, पिवळ्या कागदावर,
दोनच शब्द: ओलेमे वाबाद.
आम्ही मोकळे आहोत.
खाली उरमासचा नंबर,
कारण बाकी कुणी आपला द्यायला तयार नव्हतं.

गेल्या वर्षीची ओळ टोनिसची होती:
आम्हाला मालक नाही.
तार्तूच्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून फोन आला,
किती आहेत, लसी दिल्यात का.
म्हणून या खेपेला माझ्यावर आलं. तू शब्दांची माणूस, म्हणाले.
म्हणजे मी प्रोग्रॅममधली बटणं आमच्या भाषेत आणते:
जतन करा. रद्द करा. नक्की ना?

आठवडाभर घोळवलं.
आमचं सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, उघडून बघावं,
नाही पटलं तर आतलं बदलून शेजाऱ्याला द्यावं,
एवढं सगळं एका शब्दात मावायचं तर वाबाच.
हा शब्द आमच्याकडे लोक सभेत उभं राहून, डोळे पुसत म्हणतात.
हाच टॅक्सीच्या टपावर पेटतो.
हाच संडासाच्या कडीवर, हिरव्या पट्टीत.
ते मला दिसलं चाळीस प्रती चिकटवून झाल्यावर,
ग्रंथालयाच्या तळघरात, कडीला हात घालताना.

फोन सुरू झाले.
एकाला खोली हवी होती, दोघांसाठी, मांजर चालेल का.
एकाला पहाटे चारला विमानतळ गाठायचा होता.
एका बाईने विचारलं, सगळेच मोकळे? वयं काय?
उरमासने लाजत लाजत वयं सांगितली. खरी.
टोनिसला आनंद मावेना,
आता त्याची कुत्री कुणी काढणार नव्हतं.

मग गुरुवारी, बाहेर उणे एकोणीस,
नदी गोठून तिच्यावरून माणसं घरी चाललेली,
हेल्यूबाईंचा फोन. आवाज गणिताच्या शिक्षिकेचा.
तुम्ही मोकळे आहात असं बसस्टॉपवर लिहिलंय.
कधीपर्यंत?

उरमास म्हणाला, कायमचेच. तत्त्वतः.
मग आज या.
माझा एन्देल नोव्हेंबरात मोकळा झाला.
त्याच्या सफरचंदांची नोंदवही कॉम्प्युटरमध्ये आहे
आणि कॉम्प्युटर म्हणतो, परवाना संपला.

परवाना देणारी कंपनी अकरा वर्षांपूर्वी बुडालेली.
कुलूपवाला गेला, कुलूप तेवढं कामावर.
टोनिस कोट न काढताच बसला.
मी काळा पाव आणि खारवलेली हेरिंग खात होते
आणि काही कळत असल्यासारखी पडद्याकडे बघत होते.
हेल्यूबाई दर अर्ध्या तासाने एकच विचारायच्या,
मोडत नाही ना रे काही?

दोन वाजता फाइल सुटली.
एकशे बारा झाडं.
कलम कधी बांधलं, कुणाच्या बागेतल्या फांदीचं,
कुठल्या थंडीत साल फाटली.
आणि जिथे झाड मेलं तिथे एन्देलने
ना तारीख लिहिली, ना कारण.
ओळ चार, जागा सात: मोकळी.
ओळ चार, जागा आठ: मोकळी.

हेल्यूबाई पडद्यावर बोट ठेवून वाचत गेल्या,
ओठ हलवत, पाढे तपासल्यासारख्या.
शेवटी म्हणाल्या, नऊ.
कुणी काही बोललं नाही.
नऊ खड्डे. जमीन मेमध्ये मऊ होते.
मग त्यांनी चहाच्या किटलीखालचा कागद ओढून काढला,
पिवळा, चार घड्यांचा, कोपऱ्यांना अजून गोंद,
आणि माझ्यासमोर, अक्षरं माझ्याकडे करून, ठेवला.

सोमवारी आमची बैठक होती.
विषय एकच: घोषवाक्य बदलणे.
खूप हसून झालं, तीन नवी सुचली,
प्रत्येकीत काहीतरी निघालं.
इतिवृत्त मीच लिहिलं, ते असं:
निर्णय जूनपर्यंत पुढे ढकलला आहे.
मेमध्ये कुणी मोकळं नाही.